कागदावर दोन, तोंडात एक आणि तुमची दीड

तात्या, आधी राग सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. आणखी आठ दिवस थांबायला तुम्हाला काय झालं होतं? तुम्ही गेलात आणि त्यानंतर आठव्या दिवशी कारखान्यात एक माणूस आला. तुमचं-माझं जे भांडण अर्धवट राहिलं होतं, ते त्याने दोन मिनिटांत निकालात काढलं. तुम्ही असतात तर त्याच्यासाठी फाटकही तुम्हीच उघडलं असतं. आता निकाल माझ्या एकटीच्या हातात आहे, आणि ज्याच्या बाजूने तो लागला तो माणूस चिखलीच्या स्मशानात राख होऊन गेला. याचं मी काय करू?

तुमचा जन्म कधीचा, तुमची पलटण कुठली, तुम्हाला पदक मिळालं होतं की नाही, यातलं मला काही माहीत नाही. ते लिहायला मी बसलेलीही नाही. मला तुम्ही माहीत होतात ते चिंचवडच्या आमच्या कारखान्याच्या फाटकावरचे पहारेकरी म्हणून आणि माझे फ्रेंचचे मास्तर म्हणून. यातली दुसरी गोष्ट कुणाला सांगितली की लोक हसतात. घरी आमचे हे म्हणाले होते, “पहारेकऱ्याकडून फ्रेंच? उद्या पोस्टमनकडून पुरणपोळी शिकशील.”

तुम्हाला आठवत असेल, सुरुवात माझ्या चुकीपासून झाली. कारखान्याने फ्रान्समधल्या एका कंपनीकडून नवे लेथ मागवले होते. पत्रव्यवहार सगळा फ्रेंचमध्ये. साहेबांनी सांगितलं, जी टायपिस्ट ही पत्रं बिनचूक टाइप करेल आणि येणाऱ्या फिटरशी कामापुरतं बोलू शकेल तिला कायम करू. मी बेचाळीस वर्षांची, तीन वर्षं हंगामी. दर सहा महिन्यांनी आपल्याला ठेवतात की काढतात याची वाट बघायचा मला कंटाळा आला होता. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून व्याकरण आणलं आणि दुपारच्या सुट्टीत फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली मोठमोठ्याने घोकायला लागले. ‘इल्स पार्लेंट. इल्स पार्लेंट.’

तुमच्या केबिनमधून आवाज आला, “बाई, पार्लमेंटला हुबं ऱ्हायचंय का?”

“हे फ्रेंच आहे,” मी म्हणाले. “‘ते बोलतात’ असा अर्थ होतो.”

“आसंल. पर त्ये आसं बोलत न्हाईत.”

“मग कसं बोलतात?”

“ईल पार्ल.” तुम्ही विडी खाली टाकून चपलेने विझवलीत. “आन् त्यो एकला आसला तरी ईल पार्लच.”

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग तुम्ही सांगितलंत, पहिल्या मोठ्या लढाईत खेचरांच्या तुकडीबरोबर बोटीने गेलात, फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरलात, पुढे आघाडीवर जाण्याआधीच खेचराने लाथ मारून पाय मोडला आणि मग तीन वर्षं तिथल्याच तळावर आजारी खेचरांची देखभाल केलीत. तळाला पाव पुरवणारी एक बाई होती. तिच्या गाडीचं घोडं तुम्ही बरं केलंत आणि तिने तुम्हाला बोलायला शिकवलं. चुकलं की ती पावाच्या लाकडी फळीवर बोट आपटायची. लिहायला तिने शिकवलं नाही. तुम्हाला इंग्रजी अक्षरंही येत नव्हती, फ्रेंच कुठून येणार?

म्हणजे तुमच्याकडे नुसते आवाज होते आणि माझ्याकडे नुसती अक्षरं. दोन्ही मिळून एक माणूस होत होता. तो माणूस चार महिने, रोज अर्धा तास, फाटकावरच्या बाकावर बसायचा.

मी पुस्तकातलं क्रियापद मराठीत सांगायची, तुम्ही ते फ्रेंचमध्ये बोलायचात, मी ऐकून पुस्तकातल्या अक्षरांशी ताडून बघायची. पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं. ‘मी बोलतो’ला एक स्पेलिंग, ‘तू बोलतोस’ला दुसरं, ‘ते बोलतात’ला तिसरं. पुस्तकात तीन रूपं आणि तुमच्या तोंडी तिन्ही ‘पार्ल’.

“मग कोण बोलतंय आणि किती जण बोलताहेत हे कळायचं कसं?” मी वैतागून विचारलं.

“समोर बघायचं की. डोळं हायती ना?”

“आणि हे शेवटचं ‘ईएनटी’ म्हणायचंच नाही, तर लिहितात कशाला?”

“त्ये लिवनाऱ्याला इचारा. आमी काय लिवलं न्हाई.”

तुमच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी घालणं. पण तुमच्याकडे एक हुशारी होती, ती माझ्या पुस्तकाकडे नव्हती. चिखलीच्या भजनात तुम्ही मृदंग वाजवायचात. प्रत्येक क्रियापद तुम्ही मांडीवर वाजवून दाखवायचात. जितकी अक्षरं तोंडात, तितक्या थापा मांडीवर. ‘आम्ही बोलतो’ म्हणजे पार्-लों, दोन थापा. (तुम्ही ते ‘पार्लोंङ’ म्हणायचात आणि वर सांगायचात, “आसं कुनी म्हनत न्हाई बाई, शिकल्याली लोकं म्हनत्यात. आपन ‘ऑं पार्ल’ म्हनायचं.”) ‘ते येतात’ला तर तुम्ही मला अर्धा तास बसवून ठेवलंत. पुस्तकात ‘इल्स’मधला शेवटचा एस मुका आहे असं छापलेलं, आणि तुम्ही म्हणत होतात, “ईल-झा-री-व.” हा झ कुठून आला? शेवटी माझ्या लक्षात आलं, तो मुका एसच पुढे स्वर आल्यावर झ होऊन उठतो आणि पुढच्या अक्षराला जाऊन चिकटतो. एकटा येतो तेव्हा ‘ई-ला-री-व’, पुष्कळ येतात तेव्हा ‘ईल-झा-री-व’. मी तुम्हाला हे समजावून सांगितलं तर तुम्ही म्हणालात, “म्हंजे मी बरोबर बोलत व्हतो व्हय इतकी वर्सं?” तुम्हाला खरंच आनंद झाला होता. मला मात्र तेव्हा सुट्टी संपल्याची घाई होती.

आता त्या दीड थापेकडे येते.

‘ते बोलतात’ म्हणताना तुम्ही ‘पार्’वर पूर्ण थाप मारायचात आणि ‘ल’वर नुसतं करंगळीचं टोक टेकवायचात. ‘ते गातात’चंही तसंच, ‘शां’वर थाप आणि ‘त’वर करंगळी. माझं नाव शांता आहे हे कळल्यावर तुम्ही केवढे हसला होतात. “मंग तुमी एकल्या न्हाई बाई, तुमी लई जनी हायसा आन् समद्या गातायसा!” मी गात नाही, मी टाइप करते, असं मी सांगितलं.

मी तुम्हाला विचारलं होतं, आणि नीट विचारलं होतं. पुस्तकात लिहिलंय की शेवटचा स्वर मुका असतो. मग ही करंगळी कशाची?

“मुका हाय, पर मेला न्हाई,” तुम्ही म्हणालात. “पाववाली आसंच म्हनायची. दीड.”

“दीड अक्षर नसतं हो तात्या. एक तरी असतं नाहीतर दोन.”

“तुमच्या मशिनीवर नसंल.”

मशिनवरचा हिशेब आणखी वेगळा होता, तेही तुम्हाला सांगितलं होतं. टाइप करताना ओळ संपत आली की घंटी वाजते आणि शब्द मावत नसेल तर तोडावा लागतो. फ्रेंच शब्द कुठे तोडायचा याचे नियम पुस्तकात होते, ते मी पाठ केले. ‘पार्लेंट’ हा शब्द कागदावर ‘पार’पाशी तोडता येतो. म्हणजे डोळ्यांना दोन तुकडे. पुस्तकाच्या मते जिभेला एक. आणि तुमच्या मांडीवर दीड. मी वैतागून म्हणाले होते की तीन जणांनी मिळून एका शब्दाची एवढी ओढाताण केलेली मी कधी पाहिली नाही. तुम्ही म्हणालात, “आमचं दीड धरा. आमी तिथं ऱ्हायलोय.”

मी धरलं. ते ऐकलं ही माझी चूक की ते सोडलं ही माझी चूक, हे अजून ठरत नाही.

कायम करण्याआधी माझी परीक्षा घ्यायला पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. सभ्य गृहस्थ. लेखी त्यांनी बघितलं आणि मान डोलावली. सगळे शब्द बरोबर जागी तोडलेले, एकही खाडाखोड नाही. मग वाचायला सांगितलं. मी वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

“बाई, शेवटी हा ‘अ’ कुठून आणताय?”

“तो तसाच असतो ना?”

“नसतो. ही आपली मराठी सवय आहे. ‘घर’ म्हणताना आपण शेवटचा अ गाळतो, पण ‘शांत’, ‘गर्व’ म्हणताना जोडाक्षरामागे तो थोडा रेंगाळतो. तीच जीभ तुम्ही फ्रेंचला लावलीत. आणि अनुनासिकही फार जड आहेत. कुणी शिकवलं तुम्हाला?”

मी सांगितलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. प्राध्यापक हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. लेखी उत्तम, तोंडी नापास. तोंडी तीन महिन्यांनी परत घेऊ, तेवढी सवय मोडून या, म्हणाले.

मी तिथून सरळ फाटकावर आले. तुम्ही उठून उभे राहिलात. “काय झालं बाई?” असं विचारलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर असं होतं की मी पास झालेच आहे. त्याचाच मला जास्त राग आला. समोर चहावाला होता, एक लॉरीवाला होता, तुमच्या जोडीचा दुसरा पहारेकरी होता. मी त्या सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्ही फ्रेंच माणसांकडून शिकलात की खेचरांकडून?”

लॉरीवाला फिदीफिदी हसला.

तुम्ही म्हणालात, “खेचरं बी तिथलीच व्हती, बाई.”

तो विनोद होता, की उत्तर होतं, की माझ्यासाठी सोडवणूक होती, हे मी विचारायला हवं होतं. मी छत्री उघडून चालू लागले. त्यानंतर दोन महिने रोज सकाळी तुम्ही “रामराम बाई” म्हणालात आणि रोज मी मान हलवून आत गेले. सुट्टीत कडुनिंबाखाली बसायचं सोडलं. कार्यालयात खिडकीपाशी बसून एकटीच ‘पार्ल्, शाँत्, आरीव्’ करत राहिले, शेवट कापून, जसं काही मटार सोलतेय.

मग एका सकाळी फाटकावर तुम्ही नव्हतात. ताप आहे म्हणाले. चार दिवसांनीही ताप आहे म्हणाले. तात्या, पिंपरीत आता इंजेक्शनचं औषध तयार व्हायला लागलं आहे, चिखलीपासून ते किती लांब? आणि तुम्ही छातीला ओव्याचा शेक देत पडून राहिलात. “सुया खेचरास्नी टोचत्यात” असं तुम्ही सुनेला म्हणालात म्हणे. हट्टीपणाला काही मर्यादा असते. मी तेव्हाच येऊन बसले असते तर दरडावून तुम्हाला सुई टोचून घ्यायला लावली असती, हे मला पक्कं माहीत आहे. आणि मी आले नाही, हेही मला माहीत आहे.

समाचाराला आले तेव्हा तुमच्या सूनबाईंनी मला ओळखलं. “तुमीच का त्या शांताबाई? मामंजी लई नाव काढायचे तुमचं.”

मी म्हटलं, रागाने काढत असतील.

“न्हाई वो. तापात सुद्दा म्हनत व्हते, बाई बरोबर हायती. आपलंच चुकलं. येवढी वर्सं डोस्क्यात चुकीचं घिऊन हिंडलो आन् त्या बिचारीची नोकरी घालवली.”

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला होता. मी तो प्यायले, उठले आणि आले. रडूबिडू आलं नाही. एवढंच मनात आलं की चुकीचं शिकवलं तर शिकवलं, पण म्हाताऱ्याने ते मनाला लावून घ्यायला नको होतं. तुम्हीच चुकला होतात अशी माझी तेव्हाही खात्री होती, हे खोटं कशाला सांगू?

आणि आठव्या दिवशी तो फिटर आला. लेथच्या दोन पेट्या आल्या होत्या, बाकीच्या मुंबईहून निघाल्या होत्या. तो पेटी उघडायला बसला आणि त्या पेट्यांबरोबरची माणसं कधी येणार म्हणून विचारायला लागला. साहेबांनी मला बोलावलं. नापास झालेली का होईना, दुसरी होती कोण? मी घाईत होते. शेवट छाटायचं बिटायचं लक्षात राहिलं नाही. तोंडातून जे आलं ते आलं, “ईल-झा-री-व डमँङ.” ते उद्या येतात.

त्याने पाना खाली ठेवला. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. तो हसत सुटला आणि विचारायला लागला, मादाम, मार्सेयला किती वर्षं होतात?

मी खंडाळ्याच्या पलीकडे फारशी गेलेली नाही, असं मी सांगितलं. अर्धं त्याच्या मोडक्या इंग्रजीतून आणि अर्धं माझ्या मोडक्या फ्रेंचमधून जे कळलं ते असं. तो स्वतः उत्तरेकडचा. त्याची बायको दक्षिणेकडच्या मार्सेयची. सासरे असेच बोलतात, शब्दाच्या शेवटी ते छोटं अक्षर ठेवून, आणि नाकातले स्वर असेच जड. पॅरिसची माणसं त्यांनाही हसतात. मी विचारलं, म्हणजे ते चुकीचं बोलतात? तो म्हणाला, चुकीचं कसं? दक्षिणेत सगळे तसंच बोलतात. सासरे तर म्हणतात, आम्ही शब्द पूर्ण खातो, तुम्ही उत्तरेकडचे शेपूट टाकून देता. मग त्याने सासऱ्यांची नक्कल करून दाखवली. तात्या, तो तुमचाच आवाज होता. तुमची करंगळी तेवढी नव्हती.

प्राध्यापकांचंही अगदीच चुकलं नव्हतं. आपल्या मराठी जिभेला ती शेवटची अर्धी सवयीची आहे, म्हणून तुम्हाला ती त्या पाववालीकडून उचलायला जड गेली नाही आणि मला तुमच्याकडून. पण तुम्ही ती घरून नेली नव्हतीत. तुम्ही ती तिथे ऐकली होतीत. कानाने, अक्षर न वाचता, चाळीस वर्षं जशीच्या तशी सांभाळून ठेवली होतीत. आणि मी दोन मिनिटांत ती खेचरांच्या नावावर टाकली.

त्याच दिवशी सुट्टी झाल्यावर मी फाटकावर थांबले. चहावाला होता, दुसरा पहारेकरी होता. लॉरीवाला नव्हता, पण त्याला मी कुठून आणू? मी सांगितलं, “तात्या बरोबर शिकवत होते. चूक माझी होती.”

पहारेकरी बावचळून म्हणाला, “आमाला काय कळतंय त्यातलं, बाई?”

“कळायची गरज नाही. मी त्यांच्यावर ओरडले तेव्हा ऐकलं होतंत ना? मग हेही ऐका.”

चहावाल्याने विचारलं, “म्हंजे तात्याला फ्रेंच येत व्हतं खरंच?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “आन् आमी समजत व्हतो की म्हातारा बाता मारतोय.” तेव्हा मला कळलं की तुमच्यावर विश्वास ठेवणारी मी एकटीच होते. मग मीही तो सोडून दिला होता.

रविवारी चिखलीला जाऊन सूनबाईंनाही सांगितलं. त्यांनी पदराला डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आता मामंजींला ह्ये कोन सांगनार?” मी म्हटलं, मी लिहून सांगते. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला वाचता यायचं नाही हे माहीत आहे. कुणीतरी मोठ्याने वाचेल.

आता राहिला गुरुवार. प्राध्यापक पुन्हा येणार आहेत. साहेबांना मी फिटरची हकिकत सांगितली आणि म्हटलं, मागच्या निकालावर प्राध्यापकांनी लिहून द्यावं की तो उच्चार चूक नव्हता, तो दक्षिणेकडचा होता. साहेब म्हणाले, “बाई, तुम्हाला नोकरी हवी की वाद हवा?”

मी म्हटलं, “दोन्ही.”

पण तुम्हाला खरं सांगते. प्राध्यापक म्हणतील, ‘ते मान्य, पण इथे पॅरिसचं चालतं.’ त्यांनी तसंच म्हणायला लावलं तर मी म्हणणार आहे. माझी जागा कायम व्हायला हवी आहे, आणि त्यासाठी शेवट गिळावा लागला तर गिळेन. तुम्हाला राग येणार नाही. तुम्हीच म्हणाला असतात, म्हना की बाई, त्येंचं त्येंच्या म्हनन्यापरमानं.

म्हणून काल दिवसभर बसून सराव केला. दार लावून, आरशासमोर. एकदा, दहादा, पन्नासदा. ओठ मिटले तरी आत जीभ तेवढी शेवटची अर्धी म्हणून घेतेच. तात्या, इतकं पक्कं शिकवायला नको होतं.